दिवस गेले, पण मोजायचे कुठून?

गेल्या वर्षी एका शुक्रवारी बायकोच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला. त्यावर लिहिलं होतं, ६ आठवडे २ दिवस. आनंद वगैरे झालाच, पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. तारखांची वजाबाकी केल्याशिवाय चैन पडत नाही. लिफ्टमधून खाली येता येता मोबाईलवर कॅलेंडर उघडलं आणि ४४ दिवस मागे गेलो. त्या दिवशी मी फ्रँकफर्टला क्लायंटच्या ऑफिसात बसून डेटाबेस मायग्रेट करत होतो. घरी परत आलो त्याला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते.

हसू नका. पार्किंगपर्यंत पोचेस्तोवर माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते इथे लिहिणार नाही. गाडीत बसल्यावर शेवटी न राहवून विचारलंच. बायको शांतपणे म्हणाली, "अरे, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पहिले दोन आठवडे काहीच नसतं."

"काहीच नसतं तर मोजतात कशाला?"

याचं उत्तर तिच्याकडेही नव्हतं. दोन वर्षं आम्ही 'ट्राय' करत होतो (काय पण शब्द आहे!). फायलीत एलएमपी, एएमएच, एफएसएच, एलएच, बीटा एचसीजी अशी सगळी बाराखडी जमली होती आणि त्यातल्या एकाही शब्दाचा नीट अर्थ मला लागलेला नव्हता. तेव्हापासून शनिवार-रविवारी थोडं थोडं वाचत गेलो. हे शब्द आले कुठून, आणि कोणाच्या चुकीमुळे किंवा हुशारीमुळे ते असे झाले, याची ही गोष्ट. डॉक्टरी सल्ला यात नाही, तो डॉक्टरांकडूनच घ्या.

सुरुवात एलएमपीपासून करू. म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. गरोदरपणाचे ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस, इथून मोजतात. खरं तर गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे रिपोर्टवरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बाई गरोदर नसतेच. आमच्या धंद्यात याला एपॉक म्हणतात. युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं. काळ काही त्या दिवशी सुरू झाला नाही, पण मोजायला सगळ्यांना दिसेल अशी एक खुंटी लागते. स्त्रीबीज कधी सुटलं, ते कधी फळलं हे कुणालाच दिसत नव्हतं. पाळी दिसत होती. म्हणून खुंटी तिथे ठोकली.

डॉक्टर प्रसूतीची तारीख काढतात तो नियम नेगेलेच्या नावाने ओळखला जातो. फ्रान्झ नेगेले (१७७८ ते १८५१) हा जर्मनीत हायडेलबर्गला प्राध्यापक होता. पाळीच्या तारखेतून तीन महिने वजा करा, सात दिवस मिळवा, झाली तारीख. १ जानेवारीला पाळी आली असेल तर ८ ऑक्टोबर. मोजून बघा, बरोबर २८० दिवस भरतात. पण हा हिशोब त्याचा स्वतःचा नव्हता. त्याच्या आधीच्या शतकातल्या लायडनच्या बूरहाव्ह नावाच्या डॉक्टरचा तो होता. आणि गंमत अशी की तारीख पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरायची की शेवटच्या, हे मुळात स्पष्ट नव्हतं. आज जगभर पहिला दिवस धरतात. चार-पाच दिवसांची ही चूक असेल तर ती दोनशे वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालू आहे!

हे आत्याला सांगायला गेलो तर तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. आपण मराठीत म्हणतोच की, तिला दिवस गेले. आधी दिवस जातात, मग कळतं. 'नऊ महिने नऊ दिवस' हे तर लहान पोरालाही ठाऊक असतं. इंग्रजी कॅलेंडरवर १ जानेवारीपासून नऊ महिने नऊ दिवस मोजलेत तर १० ऑक्टोबर येतो. नेगेलेच्या तारखेहून फक्त दोन दिवस पुढे.

आता फॉलिकल. गेल्या काही महिन्यांपासून आमचा फॉलिक्युलर स्टडी चालू आहे. (रिपोर्ट मिळाला होता तर आता पुन्हा फॉलिकल कसले, असं तुमच्या मनात येईल. सांगतो, जरा थांबा.) ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी करून अंडाशयातलं फॉलिकल किती मिलिमीटर वाढलं ते बघतात. बाहेरच्या बाकांवर बायका फायली घेऊन बसलेल्या असतात आणि माझ्यासारखे नवरे मांडीवर लॅपटॉप घेऊन स्टँडअप कॉल म्यूट करून बसलेले असतात. आतून आवाज येतो, "अंडं सतरा मिलिमीटरचं झालंय."

सतरा मिलिमीटरचं अंडं नसतं हो. माणसाचं स्त्रीबीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं, सोनोग्राफीत ते दिसणारसुद्धा नाही. दिसते ती त्याच्याभोवतीची पाण्याने भरलेली पिशवी. फॉलिकल या लॅटिन शब्दाचा अर्थच लहानशी पिशवी. पण ही गफलत आपल्या सोनोग्राफीवाल्यांची नाही, फार जुनी आणि खानदानी आहे. नेदरलंड्समधल्या डेल्फ्टचा रेनिए द ग्राफ याने १६७२ साली पुस्तक लिहून सांगितलं की बाईच्या अंडाशयात अंडी असतात. त्याने दाखवली ती हीच पिशवी. सशांमध्ये नळीत सापडणारी अंडी या पिशव्यांपेक्षा कितीतरी लहान कशी, हे त्याच्याही लक्षात आलं होतं, पण उलगडा व्हायच्या आत १६७३ मध्ये तो वारला. वय अवघं ३२.

त्यानंतर दीडशे वर्षं कुणाला खरं बीज दिसलं नाही. १८२७ मध्ये कोनिग्सबर्गला कार्ल अर्न्स्ट फॉन बेअरने एका सहकाऱ्याची पाळलेली कुत्री कापून तिचं अंडाशय बघितलं. पिशवीत पिवळसर ठिपका दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि वीज पडल्यासारखा तो मागे सरकला, असं त्यानेच लिहून ठेवलंय. त्या बिचाऱ्या कुत्रीचं मला वाईट वाटतं, पण सस्तन प्राण्याचं बीज माणसाने प्रथम पाहिलं ते तिच्या पोटात. पिशवीला मात्र आजही ग्राफचंच नाव आहे, आणि पिशवीला अंडं म्हणायची त्याची सवयही आपण सोडलेली नाही. यात थट्टेपलीकडचा मुद्दा असा की 'अंडं अठराचं झालं, फुटलं' हे ऐकून घरी सगळे जवळपास पेढे आणायच्या बेतात असतात. पिशवी फुटणं म्हणजे बीज मिळणं नव्हे, आणि बीज मिळणं म्हणजे गर्भ राहणं नव्हे. एका शब्दाने तीन पायऱ्या झाकल्या जातात.

बीज असतं हे कळलं. ते सुटतं कधी? इथे खरा गोंधळ झालाय आणि इथे मला वाचताना संतापही आला. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच डॉक्टरांनी कुत्री माजावर येते तेव्हा रक्त जातं, बाईचंही पाळीत रक्त जातं, तस्मात पाळीच्या सुमारासच बीज सुटत असणार, असा तर्क लावला. मग सल्ला काय? मूल हवं असेल तर पाळीच्या आगेमागे प्रयत्न करा, नको असेल तर महिन्याचा मधला काळ 'सुरक्षित'. अगदी उलटं! किती जोडप्यांनी डॉक्टरचं ऐकून वर्षानुवर्षं चुकीचे दिवस पाळले असतील आणि शेवटी बोल त्या बाईलाच लागला असेल, कल्पना करा.

आपल्याकडे सुश्रुताने ऋतुकाल बारा रात्रींचा सांगितलाय, मनुस्मृतीत सोळा रात्री आहेत आणि त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य. म्हणजे साधारण पाचव्यापासून सोळाव्यापर्यंत. नेमाने पाळी येणाऱ्या बाईचे बरेचसे कामाचे दिवस यात येतात. पूर्वजांना सगळं माहीत होतं असं म्हणायला याचा वापर करू नका, कारण त्याच ठिकाणी सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी असंही लिहिलंय. पण त्या एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांपेक्षा हे बरं, इतकं म्हणता येईल.

कोडं सोडवलं ते जपानमधल्या निगाता शहरातल्या क्यूसाकू ओगिनो (१८८२ ते १९७५) या डॉक्टरने. पोटाची शस्त्रक्रिया करताना तो प्रत्येक बाईचं अंडाशय बघून ठेवायचा, बीज सुटलंय की नाही, सुटून किती दिवस झाले असावेत. आणि मग तिची पाळी आधी कधी आली होती एवढंच नाही, तर पुढची कधी आली तेही टिपायचा. सगळे जण मागच्या पाळीपासून पुढे मोजत होते आणि त्यांचा हिशोब जुळत नव्हता. ओगिनोने पुढच्या पाळीपासून मागे मोजलं आणि जुळलं. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या आधी १२ ते १६ दिवस. १९२४ मध्ये त्याने हे जपानीत छापलं, १९३० मध्ये जर्मनमध्ये. ऑस्ट्रियातला हर्मान क्नाउसही त्याच सुमारास स्वतंत्रपणे जवळजवळ तिथेच पोचला होता.

मला ही युक्ती फार आवडली. मागचा अर्धा भाग साधारण ठरलेला, पुढचा अर्धा भाग लांबतो-आखडतो. २८ दिवसांची पाळी असेल तर चौदावा दिवस, ३५ ची असेल तर एकविसावा. पण यात एक वैतागवाणी अडचण आहे. पुढची पाळी आल्याशिवाय मागे मोजता येत नाही, आणि पाळी आली म्हणजे तो महिना गेलाच. लॉग फाईल मिळते, अलर्ट मिळत नाही. त्यामुळे लोकांनी सोयीस्करपणे 'चौदावा दिवस' तेवढा पाठ केला. आम्हीही केला होता. बायकोची पाळी ३३-३४ दिवसांची आणि आम्ही दोन वर्षं चौदाव्या दिवसाला धरून बसलो होतो. २००० साली अमेरिकेत ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी २२१ बायकांच्या रोजच्या नोंदींवरून दाखवलं की दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या आत संपूर्ण सुपीक काळ बसणाऱ्या बायका फक्त ३० टक्के होत्या. तो काळही त्यांनीच १९९५ मध्ये मोजला होता: बीज सुटतं तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच, एकूण सहा दिवस. नंतरचा एकही नाही.

ओगिनोचं पुढे काय झालं? त्याच्या नावाने 'सुरक्षित काळ' जगभर प्रसिद्ध झाला, १९५१ मध्ये पोप पायस बाराव्यांनीही तेवढी मुभा दिली. ओगिनोला स्वतःला ते पसंत नव्हतं. मूल टाळायला ही पद्धत भरवशाची नाही असं तो सांगत राहिला. मूल हवं असणाऱ्यांना उपयोग व्हावा ही त्याची इच्छा. आपल्याकडे त्याच काळात र. धों. कर्वे मुंबईत संततिनियमनाचं काम करत होते. १९२१ पासून केंद्र, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक, आणि त्यापायी गणिताची प्राध्यापकी गेली, खटले झाले. ओगिनो आणि कर्वे, दोघांचा जन्म १८८२ चा. एकाचा कल मूल होण्याकडे, दुसऱ्याचा न होण्याकडे. पण शरीराबद्दल मराठीत सरळ बोलता येतं हे १९५३ पर्यंत दर महिन्याला दाखवून देणारा माणूस आपल्याकडे होता, आणि आज आम्ही नवरा-बायको डॉक्टरसमोर 'ते... म्हणजे... रिलेशन' असं चाचरत बोलतो. असो.

आता एचएमजी. यंदा डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली. बायकोने घरी खोका वाचला आणि तिचा चेहरा उतरला. त्यावर 'ह्यूमन मेनोपॉजल गोनॅडोट्रोपिन'. "मेनोपॉजल? माझी पाळी बंद होत आलीय का? मला कोणी सांगत का नाही?" ती वयाने ३४. त्या रात्री ती झोपली नाही आणि मीही.

उलगडा इतिहासातच सापडला. बर्लिनमध्ये १९२७ च्या सुमारास सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांना गरोदर बाईच्या लघवीत अंडाशयाला जागं करणारा पदार्थ सापडला. ती लघवी पिल्लू उंदरांना टोचायची आणि काही दिवसांनी त्यांची अंडाशयं बघायची, ही पहिली भरवशाची गर्भचाचणी. (झोंडेक ज्यू. १९३३ मध्ये नाझींनी नोकरीवरून काढलं, स्टॉकहोममार्गे तो जेरुसलेमला गेला.) पाळी बंद झालेल्या बायकांच्या लघवीतही असा पदार्थ भरपूर असतो. कारण अंडाशय प्रतिसाद देत नाही म्हणून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हुकूम सोडतच राहते. सर्व्हर बंद पडलाय आणि क्लायंट रिट्राय करतोय, तसं. ते वाया जाणारे हुकूम गोळा करून तरुण बाईला टोचले तर तिची अंडाशयं कामाला लागतात.

पण गोळा करायचे कुठून? लघवी लागणार हजारो लिटर, आणि त्या बायकांत एकही गरोदर असून चालणार नाही. रोममध्ये सेरोनो कंपनीत पिएरो दोनिनीने हे औषध १९४९ मध्ये वेगळं केलं होतं, पण विचारणारं कोणी नव्हतं. पुढे ब्रुनो लुनेनफेल्ड हा तरुण डॉक्टर त्यांच्या मागे लागला. संचालक तयार होईनात. शेवटी मध्ये पडले ते पोप पायस बाराव्यांचे पुतणे जुलिओ पाचेल्ली, ते कंपनीच्या संचालक मंडळावर होते. इटलीतल्या मठांमधल्या वृद्ध जोगिणींची, म्हणजे नन्सची, लघवी टँकरने कारखान्यात यायला लागली. जन्मभर ब्रह्मचर्य पाळलेल्या बायकांनी दिलेल्या औषधाने १९६२ मध्ये इस्राएलमध्ये एका बाईला मुलगी झाली. तेव्हा 'मेनोपॉजल' हे विशेषण औषध देणाऱ्या बायकांचं आहे, घेणारीचं नाही. आजही एचएमजी पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीपासूनच काढतात. हे बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी "शी!" म्हणाली आणि मग बऱ्याच दिवसांनी मनापासून हसली.

जाता जाता: कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी टेस्ट ट्यूब बेबीसाठी हेच एचएमजी वापरलं होतं. त्यांची दुर्गा ३ ऑक्टोबर १९७८ ला जन्मली, इंग्लंडच्या लुईस ब्राउननंतर फक्त ७० दिवसांनी. लुईसच्या वेळी स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनी औषधाशिवाय, नैसर्गिकपणे पिकलेलं एकच बीज घेतलं होतं. पुढे जग मुखोपाध्यायांच्या रस्त्याने गेलं. त्यांच्यावर मात्र सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत १९८६ मध्ये केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर हर्षाचा जन्म घडवून आणणाऱ्या डॉ. आनंद कुमार यांनीच १९९७ मध्ये त्यांची कागदपत्रं वाचून सांगितलं, पहिला मान माझा नाही, त्यांचा.

आणि आता ते राहिलेलं. ६ आठवडे २ दिवसांचं पुढे काय झालं? नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके नव्हते. डिस्चार्ज कार्डवर लिहिलं होतं, 'मिस्ड ॲबॉर्शन'. कार्ड जेवणाच्या टेबलावर राहिलं. साताऱ्याहून थोरली आत्या मुद्दाम भेटायला आलेली, तिने ते चष्मा लावून वाचलं. आणि मला गॅलरीत बोलावून हळूच म्हणाली, "अरे, दोन वर्षं वाट बघितलीत आणि मग पाडलंत का?"

तिची चूक नव्हती. डॉक्टरी इंग्रजीत आपोआप झालेलं आणि करवून घेतलेलं, दोन्हीला ॲबॉर्शनच म्हणत आले. 'मिस्ड' म्हणजे आत थांबलंय पण शरीराच्या ध्यानात आलेलं नाही. १९८५ मध्ये ब्रिटनमधल्या रिचर्ड बिअर्ड आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये पत्र लिहून म्हटलं की मूल गमावलेल्या बाईशी बोलताना हा शब्द नको, 'मिसकॅरेज' म्हणा. तिकडे हळूहळू बदललं. आमच्या कार्डापर्यंत ते पत्र पोचलेलं नाही. वास्तविक आपल्याकडे शब्द होते. आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंत गेला तर गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गेला तर गर्भपात. स्राव म्हणजे वाहून जाणं, त्यात कोणी काही केल्याचा वास नाही. आज मराठी वर्तमानपत्रात सगळ्यालाच गर्भपात.

हे सगळं मी आत्याला गॅलरीतच सांगितलं, जरा तावातावाने. मग विल्कॉक्सचा आणखी एक आकडा सांगितला. बीटा एचसीजी नेमकं ओळखणारी चाचणी १९७२ मध्ये निघाली, आणि तशा चाचण्यांमुळे पाळीच्या तारखेच्या आसपास राहून लगेच गेलेले गर्भ प्रथमच दिसू लागले. त्यांना आता 'केमिकल प्रेग्नन्सी' म्हणतात. १९८८ मध्ये या लोकांनी रोजची लघवी तपासून मोजलं, तर राहिलेल्या गर्भांपैकी २२ टक्के कुणाला पत्ता लागायच्या आत गेलेले होते, आणि एकूण गेलेले ३१ टक्के. "म्हणजे आत्या, दहातले तीन. कोणी काही न करता."

आत्या बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तुझ्या दादाच्या आधीचे माझे दोन. तेव्हा कोण तपासतंय? पाळी चुकली आणि मग आली, एवढंच. सासूबाई म्हणाल्या, उष्ण खाल्लं असशील."

ती आत गेली, बायकोच्या शेजारी पलंगावर बसली आणि तिच्या पायांवरून हात फिरवत राहिली. मी चहा टाकला. नंतर स्वयंपाकघरात येऊन तिने मला दोन्ही तारखा सांगितल्या. एक १९७१ च्या संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातली, दुसरी त्याच वर्षी गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची.